तात्यांचं ‘यू’

“तो ‘ईट्स’ आणि मी नुसतंच ‘ईट’? त्याला एक अक्षर जास्त कशापायी?”

रंगराव तात्या भडकलेच. मुलाणी मास्तर दर्ग्याच्या ओट्यावर भाकरीचं फडकं सोडत होते. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. असल्या तक्रारी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

“भाषाच तशी आहे, रंगराव. पुढं म्हण.”

तात्यांचा जीव थाऱ्यावर कुठला असायला! आत्ताच्या एसटीनं लेक उज्ज्वला येणार होती, केरळच्या नवऱ्याला घेऊन. त्याला मराठी येत नाही, यांना इंग्रजी. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं आली, तेव्हा तात्यांनी जावयाला दारातूनच परत लावलं. पाण्याचंसुद्धा विचारलं नाही. काय म्हणावं या माणसाला!

आता पोरीनं निरोप धाडला होता. या वेळी तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत, तर पुन्हा येणार नाही.

तात्या ओट्याखाली येरझाऱ्या घालत, पाढा म्हणावा तसं म्हणू लागले, “आय ईट, ही ईट्स, शी ईट्स, दे ईट.”

“यू?”

“हां... राहिलं वाटतं.”

परत सुरुवात. परत राहिलं.

“अरे, ‘यू’ दर वेळी पळतं कुठं तुझं?”

तात्या थांबले, ओट्यावर टेकले. फाट्याकडं बघितलं. एसटी अजून दिसत नव्हती.

“मी लेकीलाच विचारीन ना मास्तर. हा जेवतो का, हा काय खातो... तेवढं आलं की झालं.”

“आणि त्याला?”

“त्याच्या तोंडाकडं कसं बघू? लाज वाटते हो. हाकललाय मी त्याला.”

मास्तरांनी भाकरी मोडली, दोन्ही तुकड्यांवर ठेचा ठेवला, एक तात्यांपुढं सरकवला. आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आमच्याकडं वडीलधाऱ्याच्या आधी कुणी घास उचलत नाही.

“घ्या ना मास्तर.”

मास्तरांचा हात मांडीवरच.

“अहो घ्या! तुम्ही घेतल्याबिगर मी कसा खाऊ?”

मास्तर ढिम्म.

फाट्यावर हॉर्न वाजला. तात्या उठले, बसले, परत उठले. धड बसवेना, धड जाववेना. शेवटी त्यांनी मास्तरांपुढचा तुकडा उचलला, त्यांच्या तोंडाशी धरला आणि डोळ्यांत डोळे घालून ओरडलेच, “यू ईट! मास्तर, यू ईट!”

मास्तरांनी तात्यांचं मनगट धरलं. भाकरीसकट तो हात अलगद फाट्याकडं वळवला.

“मला कशाला सांगतोस? तो बघ, उतरला.”