हयगयीचा दाखला

शाल्मली तोरसकरने वित्त विश्लेषकाच्या परीक्षेचे सगळे टप्पे पार केले होते. आता प्रमाणपत्रासाठी तिला हवा होता तीन वर्षांच्या कामाचा दाखला. काम तर तिने पीएचडी करता करता चार वर्षं उपसलं होतं. कुठली पतसंस्था कधी डबघाईला येईल याचे विद्यापीठाचे अहवाल तीच लिहायची आणि विभागप्रमुख नेर्लेकर सर न वाचता त्यावर सही ठोकायचे.

दाखल्याचं नाव काढताच सर खुर्चीत मागे रेलले. समोर दोन प्राध्यापक चहा पीत होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "अगं, पीएचडी म्हणजे अभ्यास. अभ्यासाला कुणी काम म्हणतं का? तुला इथे काम असं कधी नव्हतंच."

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर आपटले. चार वर्षांत तिला मिळालेले ते मेमो होते आणि तिन्हींवर सरांचीच सही होती.

"वाचा, सर."

सर वाचेनात, तेव्हा तिनेच वाचलं. "'विभागाच्या कामात हयगय केल्याबद्दल सक्त ताकीद.' मला काम नव्हतंच, तर मी हयगय कशात करत होते?"

प्राध्यापक आपापल्या कपात बघू लागले. सरांनी लेटरहेड पुढे ओढलं.

"पहिल्या मेमोच्या तारखेपासून लिहा," शाल्मली म्हणाली. "आणि रविवारही धरा. तिसरा मेमो रविवारी न आल्याबद्दलच आहे."