मंत्र्यांनी वाचलेला नियम

विमान खात्याचे मंत्री धैर्यधर सरनोबत यांनी एक नियम काढला: विमान डोक्यावरून गेले तरी बोलणाऱ्याला थांबावे लागत नाही, सबब धावपट्टीजवळच्या शाळांना आवाजबंद खिडक्या मिळणार नाहीत.

मंत्र्यांचे नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचा रिवाज असा, की मंत्र्याने नियम स्वतः वाचायचा, लघुलेखकाने टिपायचा, मगच मंजुरी. अध्यक्षा अनसूयाताई घोरपडे यांनी या वेळी बैठक भरवली ती थेट धावपट्टीशेजारच्या शाळेत.

"पाच मिनिटांत उरकतो, ताई!" म्हणत मंत्री उभे राहिले. "विमान डोक्यावरून गेले तरी..."

इतक्यात विमान आले. कौले थरथरली, मंत्री गप्प झाले. पुन्हा सुरुवात, पुन्हा विमान. तिसऱ्या वेळी तर त्यांनी कानांवर हातच ठेवले.

"वाचा ना, साहेब. थांबलात कशाला?" ताईंनी गोड आवाजात विचारले.

"अहो, या गोंगाटात माणूस बोलणार कसा?" मंत्री खेकसले.

ताई लघुलेखकाकडे वळल्या. "लिहून घ्या. साहेबांनी नियमात स्वतःच दुरुस्ती सुचवली. समितीला मंजूर!"

मंत्र्यांनी तावातावाने हरकत घेतली. पण तेवढ्यात चौथे विमान आले, आणि ती कुणालाच ऐकू आली नाही.