काळी खिडकी हलली की पांढरी हलवायची

बोरखडी गावात एक भोळा ऑपरेटर होता. भोळा म्हणजे किती? ग्रामपंचायतीच्या दारावर ‘ढकला’ असं लिहिलं होतं. दार उघडं असलं तर हा आधी ते बंद करायचा आणि मग ढकलून आत यायचा. नाव गेनू. नोकरी लागली त्या दिवशी आई म्हणाली, “गेनू, साहेब सांगतील तसंच्या तसं कर. आपलं डोकं मधी घालू नको.” गेनूनं आईचा शब्द पाळला. डोकं त्यानं कधीच मध्ये घातलं नाही.

साहेब म्हणजे ग्रामसेवक. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. सात वर्षं ते बोरखडीत अडकले होते. बायको आणि लेक दूर समुद्रकाठच्या गावी. गेल्या दिवाळीला घरी गेले, तर लेक आत जाऊन सांगते, “आई, कुणीतरी पाहुणे आलेत.” भाऊसाहेबांच्या ते फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यांना बदलीशिवाय काही सुचेना. बदलीचा कागद तयार होता. तालुक्याच्या ढमढेरे साहेबांची सही तेवढी हवी होती. साहेब म्हणाले होते, “तपासणीला येईन तेव्हा संगणकाचं काम चोख दिसलं, तर तिथल्या तिथे सही करतो.”

संगणकाचं काम तसं सोपं होतं. फोल्डर तीन: जन्म, लग्न, मृत्यू. पडद्यावर खिडक्या दोन. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून फोल्डर बदलायचा आणि जुनी नोंद बघायची. पांढरी खिडकी म्हणजे एडिटर. तिच्यात नवी नोंद लिहायची. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला, ज्या फोल्डरात जे नवं नाव असेल त्याचं पत्र आपोआप छापून निघे. जन्माला अभिनंदन, लग्नाला शुभेच्छा, मृत्यूला शोक. खाली गोल शिक्का. शिपाई ते घरोघर पोचवी.

घोळ एवढाच होता की काळी खिडकी दुसऱ्या फोल्डरात गेली, तरी पांढरी आपली जुन्याच फोल्डरात ठाण मांडून बसे. सरकारी कचेरीतलीच ती, शेजारच्या टेबलाची खबर कशाला ठेवील? एकदा कुंभारांना नातू झाला. भाऊसाहेबांनी काळ्या खिडकीत ‘जन्म’ गाठला, पण पांढरी ‘मृत्यू’तच राहिली होती. बाळाच्या आत्म्याला शांती लाभो, असं पत्र घरी गेलं. बाळाचे आजोबा काठी घेऊन कचेरीत आले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी नव्यानं लागलेल्या गेनूला संगणकापुढं बसवलं.

“गेनू, तुझं एकच काम. काळी खिडकी हलली की पांढरी हलवायची. दोन्ही कायम एका फोल्डरात पाहिजेत.”

“व्हय जी,” गेनू म्हणाला आणि मनाशी खूणगाठ बांधली.

त्याच दुपारी तो नव्वदीत गेलेल्या यमाजी आबांची मृत्यूची नोंद लिहीत होता. तेवढ्यात भाऊसाहेब त्याच्या खांद्यावरून वाकले आणि काळ्या खिडकीत कुणाची तरी लग्नाची तारीख बघून घेतली. काळी हलली. गेनूनं अर्ध्या नावावर पांढरी हलवली आणि उरलेलं नाव ‘लग्ना’त लिहिलं. पाच वाजता पत्र निघालं. आबांचं दहावं व्हायच्या आत आबांना संसाराच्या शुभेच्छा पोचल्या. आबांची म्हातारी पदर खोचून आली. “ह्या वयात? आन् कुणाशी?”

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे, नोंद अर्धवट असेल तर जागचं हलू नये! आधी ती पुरी होऊ द्यावी.”

“व्हय जी,” गेनू म्हणाला आणि खूणगाठ बांधली.

पुढच्या सोमवारी सुतारांच्या घरी मुलगी झाली. गेनू ‘जन्मा’त गेला, तारीख लिहिली, आई-बापाचं नाव लिहिलं. बाळाचं नाव? ते बाराव्या दिवशी ठेवायचं. म्हणजे नोंद अर्धवट. गेनू जागचा हलला नाही. बारा दिवस भाऊसाहेब काळ्या खिडकीत इकडून तिकडे जात राहिले, गेनू पांढरी खिडकी धरून ‘जन्मा’त बसला. त्या बारा दिवसांत बोरखडीत जे काही झालं, ते जन्मलं. दोन म्हातारे वारले, ते जन्मले. शेलारांच्या विलासचं मोऱ्यांच्या कुसुमशी लग्न लागलं, तेही जन्मलं. हळद उतरायच्या आत पत्र आलं: जुळं झाल्याबद्दल अभिनंदन, दोन्ही बाळं आणि माता सुखरूप असोत. नवरा-नवरी कागदोपत्री बहीण-भाऊ झाले. मोरे आपली लेक परत न्यायला निघाले. त्यांची समजूत घालता घालता भाऊसाहेबांचा घसा बसला.

“गेनू,” ते बसक्या आवाजात म्हणाले, “माझ्या बाबा, तू काही ठरवूच नको. खिडकी हलवायच्या आधी मला विचार. मी कुठंही असेन, येऊन विचार.”

“व्हय जी.” आणखी एक खूणगाठ.

चार दिवसांनी भाऊसाहेब सरपंचांच्या पुतणीच्या लग्नाला गेले. निघण्याआधी काळ्या खिडकीत त्यांनी एक जुनी मृत्यूची नोंद बघितली होती. गेनूला ते जरा उशिरानं दिसलं. तो पळत मांडवात पोचला. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, पाचशे माणसं अक्षता घेऊन उभी. गेनू ओरडला, “भाऊसाहेब, मृत्यूत जायचं का आता?”

भटजी थांबले. भाऊसाहेबांनी हातानंच ‘जा, जा’ केलं.

“मी एकटाच जाऊ का तुमी बी येताय?”

नवरीची आई मटकन खालीच बसली. सरपंचांनी भाऊसाहेबांकडे असं बघितलं की त्यांच्या घशाखाली जिलेबी उतरली नाही.

कचेरीत येऊन भाऊसाहेबांनी हात जोडले. “विचारूही नको. मी समोर नसेन तेव्हा काळी खिडकी मी जिथं सोडली असेल, तिथंच पांढरी ठेव. आणि गप्प बस.”

“व्हय जी.”

तपासणीचा दिवस उजाडला. पाचला साहेबांच्या नावाचं स्वागताचं पत्र निघावं म्हणून भाऊसाहेबांनी ‘स्वागत’ नावाचा चौथा फोल्डर केला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबांना घ्यायला बाहेर पडणार, तोच एक बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागायला आल्या. भाऊसाहेबांनी काळ्या खिडकीत ‘मृत्यू’त जाऊन नोंद बघितली आणि त्यांना उद्या या म्हटलं. तेवढ्यात जीप वाजली. “गेनू, ढमढेरे साहेबांचं नाव लिही, सुवाच्य!” म्हणत ते बाहेर धावले.

भाऊसाहेब समोर नव्हते. काळी खिडकी ‘मृत्यू’त होती. गेनूनं पांढरी तिथं नेली, साहेबांचं नाव सुवाच्य लिहिलं आणि गप्प बसला.

ढमढेरे साहेबांनी सगळं बघितलं. चहा झाला. पाच वाजले. यंत्र घरघरलं. साहेबांनी कौतुकानं पत्र स्वतःच उचललं आणि मोठ्यानं वाचलं. त्यांच्या दुःखद निधनाबद्दल ग्रामपंचायत शोकाकुल होती.

पण साहेब माणूस दिलदार. ते पोट धरून हसले. “अहो, आमच्या कचेरीत मेलेली माणसं महिनोन्‌महिने हजेरी लावतात. इथं एक जिवंत मेला, त्यात काय बिघडलं! आणा तुमचा बदलीचा कागद.”

भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद काढता काढता त्यांनी गेनूला दाराशी ओढलं आणि कानात पुटपुटले, “कागदावर एक आणि खुर्चीत एक, असं चालत नाही! जा, साहेब उठायच्या आत दोन्ही एकसारखं कर!”

“व्हय जी,” गेनू म्हणाला आणि बाहेर आला.

कागदावर गोल शिक्का बसलेला. शिक्का बसलेला कागद काही बदलत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग बदलायचं काय? गेनू नीट समजून घेऊन कामाला लागला.

आत दुसरा चहा झाला, मग साहेबांनी पेन उघडलं. सहीची पहिली दोन अक्षरं उमटली: ‘ढम’. तो कागद आजही तेवढ्याच सहीचा आहे. कारण त्याच वेळी दारातून गेनू आला. खांद्यावर दोन हिरवे बांबू, एका हातात मडकं, दुसऱ्या हातात कोयता. मागं डोक्याला उपरणी बांधलेले चौघे खांदेकरी. गेनू साहेबांच्या खुर्चीपुढं उकिडवा बसला आणि अदबीनं म्हणाला,

“साहेब, जरा पाय लांब करता का? बांबू मापानं तोडायचाय.”