घाटमाथ्यावरचा मापखडक

कुसवड्याच्या घाटात अगदी माथ्यावर एक काळा खडक आहे आणि त्यात रांजणाएवढा खळगा. पाहुणे वाकून बघतात आणि पाण्याने झाला असेल म्हणतात. खळगा पाण्याने झालाही असेल, पण आत नीट बघा, काठाखाली चार बोटांवर एक सरळ रेघ कोरलेली आहे. पाण्याला एवढी अक्कल कुठली! ती रेघ राही मापारणीची, असे सांगतात.

राही वरच्या कुसवड्याची. धान्य मोजायचे काम सासऱ्याकडून नवऱ्याकडे आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे आले. मापाला बसली की तोंडात आकड्याशिवाय शब्द नाही. पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोकत राहायचे. न मोजता पायली ओतली तर ती चोरी, आणि त्या मापाऱ्याच्या हातातले माप कायमचे काढून घ्यायचे, असा गावचा कायदा होता.

एका साली घाटाखालच्या भोरणीला आग लागली. अकरा घरांच्या कणग्या बियाण्याच्या भातासकट जळाल्या. कुसवड्याच्या मालोजी पाटलाने देवीपुढे शब्द दिला, "घरटी सोळा पायल्या भात देतो. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. आईची आण!"

भोरणीचा म्होरक्या धाकू बैल घेऊन माथ्यावर आला आणि पहिलीच पायली बघून त्याने माप थांबवायला लावले. कुसवड्याची पायली सपाट, वरून हात फिरवलेली. भोरणीची शिगोशीग, काठाच्या वर रास चढवलेली. दोघेही सोळाच म्हणत होते, त्यामुळे फरक कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

"आमची शेतं सोळा शिगोशीग पायल्यांची," धाकू म्हणाला. "सपाट घेतलं तर घरटी एक पट्टा पडीक ऱ्हायचा. त्येवढी प्वॉटं उपाशी ठेवू व्हय?"

"म्या आमच्या सपाट पायलीची आण घेतलीया," पाटील म्हणाला. मृग चार दिवसांवर आला होता.

राहीला भांडणापेक्षा शिगेचे कुतूहल वाटले म्हणे. शीग म्हणजे नक्की किती? तिने धाकूच्या रीतीने सोळा पायल्या खळग्यात ओतल्या आणि भात जिथे टेकले तिथे कोळशाने रेघ मारली. तीच पुढे भोरणीकरांनी छिन्नीने कोरून घेतली. मग खळगा रिता करून तिने सपाट सोळा ओतल्या. भात रेघेखाली राहिले. तेव्हा तिने चिपटे उचलले. एका पायलीत अशी सोळा चिपटी बसतात. एकेक चिपटे टाकत गेली, तर बरोबर सोळाव्याला भात रेघेला लागले. म्हणजे एका शिगेत एक चिपटे, आणि सोळा शिगांची मिळून अख्खी एक पायली! राहीला इतका आनंद झाला, की मापावर बसल्या बसल्या ती मोठ्याने हसली.

पाटील हसला नाही. "सतरा मोजलीस तर माझी आण मोडंल, राही."

राहीने खळग्यातले भात काढून घेतले. मग पदर खोचून तिने पहिल्या घराचे माप घातले, लाभपासून सोळापर्यंत खणखणीत आवाजात. त्यानंतर आणखी एक पायली सपाट भरली आणि ओठ मिटून धाकूच्या गोणीत ओतली.

"ही कितवी?" पाटलाने विचारले.

राही बोलली नाही. पाटील तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तोंड फिरवले. अकरा घरांची मापे झाली, अकरा वेळा ती मुकी राहिली. पाटलाची आण शाबूत राहिली आणि भोरणीची शेते पुरी पेरता येणार होती. पण कायदा तिलाही पाठ होता. तिने पायली पदराने पुसली, पाटलापुढे ठेवली आणि "घ्या, दादा" एवढेच म्हणाली. पाटलाच्या डोळ्यांना धार लागली, असे सांगतात. तरी त्याला पायली उचलावीच लागली. जिचा जीव मापात होता, ती राही त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली.

आजही दोन्ही गावांत बियाणे देताना मापारी सोळापर्यंत मोजतो, मग गप्प होतो आणि आणखी एक पायली ओततो. परक्या माणसाने "ही कितवी?" असे विचारलेच, तर शेजारचा कुणीतरी हळूच सांगतो, "ती राहीची."