रंगवलेला लाकडी मासा

काचेच्या कपाटातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. मासेमारीची जुनी अवजारं जमवणाऱ्या हेरंबरावांच्या कपाटात एक लाकडी मासा होता. सुरमईला भुलवायला कुणा कोळ्याने कोरलेला.

"गळदादा, मी नक्की कुठला?" तो शेजारच्या गंजक्या गळाला रोज विचारी.

"शेपटीवर कुठल्याशा कोळीवाड्याच्या खुणेची खाच आहे, पाठीवर सुरमईच्या दातांचे वण. त्यावरून कुणीतरी ओळखेल."

जाणकार शालनताई हा जुना मासा बघायला येणार म्हणून हेरंबरावांनी त्याला घासलं, खाच आणि वण बुजवले, चकचकीत रंगवलं.

शालनताईंनी त्याला उलटासुलटा केला. "हा नवा राहू दे. तो जुना दाखवा ना!"

"हाच तो," म्हणताना हेरंबरावही अडखळले.

कपाटात परतल्यावर मासा काचेत स्वतःकडे बघत राहिला. "गळदादा," तो हळूच म्हणाला, "तो जुना कुठे गेला रे?"