पाटाचा डावा खांदा

त्या राज्यात घडणारी प्रत्येक वस्तू डावीकडे जराशी पातळ निघत असे. फार नाही, केसभर. पण राज्य लोखंडाचं होतं, आणि लोखंडात केसभर म्हणजे पुष्कळ झालं.

राज्य तसं लहानसंच. मागे खांब उभा; त्याला सगळे सरकार म्हणत. सरकारच्या पुढे आलेल्या हातात कटर गरगर फिरे. खाली पाट पसरलेला. घडायला आलेली वस्तू पाटाच्या अंगावर आवळली जाई, पाट तिला घेऊन पुढे-मागे चाले आणि वरून कटर तिला तासत जाई. कटर मोठा बोलघेवडा. वस्तू बिघडली की तो म्हणे, आपल्या नाचात खोट नाही, अंगणच वाकडं आहे. अवजारांचा दरबार लगेच मान डोलावी, आणि वस्तूच्या उजव्या अंगाखाली कागदाची एक चिठ्ठी सरकवली जाई. चार दिवस बरे जात. मग तेल पिऊन चिठ्ठी दबे आणि पुन्हा तेच. अशा एकवीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. पाट तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होता.

दोष ठरवण्याचं काम सुईबाईकडे होतं. गोल चेहरा, त्यावर एकच सुई आणि खाली एक बारीक पाय. पाय केसभर वर गेला तरी सुई सांगे. न्यायाच्या दिवशी तिला सरकारच्या हातावर बसवत आणि सरकार तिला पाटावरून एक गोल फेरी फिरवत. आरोपीने हलायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. पाट श्वास रोखून पडून राही. दर वेळी डावीकडे सुई वर चढे आणि सुईबाई दिसलं ते सांगे: पाटाचा डावा खांदा वर आला आहे. एकवीस वेळा तिने हेच सांगितलं होतं, आणि खोटं एकदाही बोलली नव्हती.

तरी तिला ते लागत असे. ती आणि पाट एकाच खोक्यातून या राज्यात आले होते, एकाच तेलकट कागदात गुंडाळलेले. पहिल्या दिवशी त्या सगळ्यांनी मिळून पितळेचा एक भोवरा घडवला होता. काय दिवस होता तो! पितळेच्या कतरणी सोन्यासारख्या उडत होत्या, पाटाच्या खाचा भरून गेल्या होत्या, आणि कटरसुद्धा त्या दिवशी कुणाला नावं ठेवत नव्हता. भोवरा पाटावर फिरवून पाहिला तर तो इतका वेळ जागच्या जागी उभा राहिला की फिरतोय की झोपलाय, ते कळेना. मग साफसफाई झाली. सरकारांना उचलून पुसलं, पुन्हा जागी बसवलं, बोल्ट आवळले. तसं सरळ त्यानंतर त्यांच्या हातून काही घडलं नाही. सुईबाईला पेटीत पडल्या पडल्या तो भोवरा फार आठवे.

यंदा दरबाराने ठरवलं की चिठ्ठ्या पुरे झाल्या. पाटाचा डावा खांदा कानशीने घासून खाली आणायचा. घासलेलं लोखंड परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटालाही.

रिवाजाप्रमाणे सुईबाई सरकारच्या हातावर बसली, फेरी झाली, सुई डावीकडे चढली. सरकार तिथेच थांबले, तिचा पाय अजून पाटावरच टेकलेला होता. तेव्हा पाट हळूच म्हणाला, "सुये, तुझं माप चुकत नाही हे मला ठाऊक आहे. माझं अंग वाकडं नाही हेही ठाऊक आहे. दोन्ही खरं कसं, तेवढं बघशील का?"

ती काही बोलायच्या आत कानशीने डाव्या खांद्यावर पहिला घास घेतला. कर्कश आवाज झाला, आणि त्या धक्क्याने पाट वीतभर सरकला. न्याय चालू असताना आरोपी हलला! दरबारात कुजबूज सुरू झाली. सुईबाई मात्र आपल्याच सुईकडे बघत राहिली. पायाखालून वीतभर पाट निघून गेला होता आणि सुई जागची हलली नव्हती. खांदा खरंच वर आलेला असता, तर ती खाली यायला हवी होती.

तिने कानशीला थांबायला सांगितलं. मग एक अशी विनंती केली, जी त्या राज्यात कुणी कधी केली नव्हती: आज सरकारांनी स्थिर उभं राहावं आणि पाटाने चालावं. सरकारांना स्वतःविषयी शंका नव्हती, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या पायाखालून मधोमध चालत गेला. सुई हलली नाही. मग पाट थांबला, सरकारांनी तिला फिरवलं, आणि सुई डावीकडे चढली. आता ते सगळ्यांनीच पाहिलं.

"इतकी वर्षं का बोलली नाहीस?" सरकारांनी विचारलं.

"मी तुमच्याच हातावर बसून बघत होते, सरकार. तुम्ही कललात की मीही कलत होते."

सरकारांनी पान्याला बोलावलं आणि आपल्या पायाचे बोल्ट सोडायला सांगितले.

खांब उचलला गेला. त्याच्या उजव्या पायाखाली पितळेची एक कतरण निघाली. दबून दबून कागदासारखी झालेली, तरी अजून पिवळीधमक. ती कोणत्या दिवसाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. सुईबाईला रडू आलं. पाटाने ती कतरण आपल्या खाचेत ठेवून घेतली.

जागा पुसून खांब पुन्हा बसवला. एकवीस चिठ्ठ्या काढून टाकल्या. कानस आपल्या खुंटीला जाऊन लटकली. सुईबाई पुन्हा सरकारच्या हातावर बसली आणि फेरी सुरू झाली. पुढे, उजवीकडे, मागे, सुई एका जागी होती. डाव्या खांद्यावर आल्यावर, जिथे कानशीने तो एक घास घेतला होता, तिथे ती केसभर खाली गेली आणि पुन्हा वर आली. त्यानंतर प्रत्येक फेरीला, त्याच जागी, ती तशीच खाली जात असे.