दवात खेळणारी पिल्ले

डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलात एक सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. तिच्या झुडपाजवळच एका रानडुकरिणीने वाळलेले गवत रचून भलामोठा ढीग केला होता आणि त्या ढिगाच्या पोटात ती आपल्या पट्टेरी पिल्लांना घेऊन झोपत असे. मुलांनो, त्या डोंगरावर पौषात इतके दव पडते की सकाळी गवतातून नुसते चालत गेले तरी अंग न्हाऊन निघते. पण पिल्लांना त्याचे काय! उजाडले रे उजाडले की सशिणीची आणि रानडुकरिणीची पिल्ले एकत्र जमत आणि त्या ओल्या गवतात शिवणापाणी खेळत.

सशीण मोठी मायाळू होती. कोवळ्या उन्हात बसून ती मधूनमधून विचारी, "थंडी वाजते का रे?" पिल्ले धावता धावताच ओरडत, "नाही!" तेवढ्याने तिचे समाधान होई. रानडुकरीण मात्र काहीच विचारत नसे. ती आपल्या एकेका पिल्लाला अडवी आणि त्याच्या पोटाखाली नाक खुपसून पाही. पोट ओले, गार लागले की त्याला ढोसत ढोसत ढिगात नेई आणि कोरडे झाल्याशिवाय बाहेर सोडत नसे. पिल्ले किंचाळून रान डोक्यावर घेत. एकदा सशीण न राहवून म्हणाली, "डुकरीणबाई, पोरं स्वतःच सांगताहेत ना, थंडी नाही म्हणून? मग त्यांच्या खेळाचा विरस कशाला करता?"

"सांगतात खरं," रानडुकरीण म्हणाली, "पण खेळताना त्यांना ते कळतं कुठे?" सशिणीला हे बोलणे फार रांगडे वाटले.

एके दिवशी आभाळ भरून आले. सूर्य दिसलाच नाही आणि बोचरा वारा सुटला. खेळ मात्र रंगात आला होता. थोड्या वेळाने सशिणीचे धाकटे पिल्लू खेळ सोडून करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसले. "काय रे, थंडी वाजते?" आईने लांबूनच विचारले. "नाही," ते पुटपुटले. दमले असेल, असे समजून सशीण पाला खाऊ लागली. पुन्हा हाक मारली, तेव्हा ते बोलले नाही. ती ओल्या गवतातून धावत गेली. पिल्लाचे कान गारठले होते, डोळे अर्धवट मिटले होते आणि मान एका बाजूला कलली होती. तिने त्याला पोटाशी घेतले. पण तिचेच अंग निथळत होते. तिची ऊब त्याला लागेना. "अहो डुकरीणबाई, माझं बाळ बघा हो!" तिने टाहो फोडला.

रानडुकरीण आली. "बाजूला व्हा. तुम्ही ओल्या आहात," एवढेच बोलून तिने पिल्लाला अलगद तोंडात धरले आणि ढिगात नेऊन आपल्या पिल्लांच्या मधोमध ठेवले. ती पिल्ले नुकतीच कोरडी होऊन पेंगत होती. हा गार गोळा अंगाला लागताच ती कुरकुरली, पण आईने डोळे वटारताच निमूटपणे त्याला चिकटून पडली. सशिणीची बाकीची दोन पिल्लेही रानडुकरिणीने नाकाने आत लोटली. सशीण ढिगाच्या तोंडाशीच बसून राहिली. तिला पाला गोड लागेना, की वारा जाणवेना.

दुपार कलली तेव्हा गवत हलले आणि त्यातून दोन कान वर आले. "आई, आता राज्य माझ्यावर आहे का?" पिल्लाने विचारले.

सशिणीने पुढे होऊन त्याचे पंजे, पाठ, पोट सगळे चाचपून पाहिले आणि मगच म्हणाली, "आहे हो, तुझ्यावरच आहे. पण आधी नीट कोरडा हो."

तात्पर्य : खेळात रमलेल्या लेकरांना स्वतःची थंडी कळत नाही, ती मोठ्यांनी नुसती विचारून नव्हे, जवळ जाऊन ओळखावी लागते.